काठावरचा अर्धा तास

तीन दवाखान्यांनी मिळून एकच कॉम्प्युटरवाली ठेवायची असं ठरलं, तेव्हा टेकडीवरचे डॉक्टर हसून म्हणाले होते, "तीन तिघाडा, काम बिघाडा." पण करता काय? तळ्याभोवती तीन गावं आणि तीन चिमुकले दवाखाने. एक काठावर, एक पलीकडच्या टेकडीवर, एक जुन्या गिरणीपाशी. एकेकट्याने स्वतःचं मशीन घ्यायचं, ते सांभाळायला माणूस ठेवायचा, म्हणजे पांढरा हत्तीच पोसायचा. तेव्हा मोठं मशीन टेकडीवरच्या एका थंडगार खोलीत बसवलं, बाकी दोघांनी त्याला जोडून घेतलं आणि तिन्ही दवाखान्यांचे पेशंट एकाच स्क्रीनवर आले. काठावर कुणाला खोकला झाला की टेकडीवर दिसू लागलं.

हे सगळं सांभाळणारी मुलगी काठावरचीच होती. आता मुलगी म्हणायचं, पण चाळिशी उंबरठ्यावर आलेली. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं की तिला, पण ते केव्हाच मागे पडलं. खांद्याला पिशवी, पिशवीत वायरींची भेंडोळी, केसात अडकवलेला स्क्रूड्रायव्हर. तिन्ही दवाखान्यांत ती "वायरताई" झाली. सकाळी काठावर, दुपारी लाँचने टेकडीवर, एक दिवसाआड गिरणीपाशी. अर्धं आयुष्य पाण्यावर गेलं तरी तिला पोहता येत नव्हतं, आणि लाँचवाला तिला त्यावरून रोज न चुकता चिडवायचा.

तिचे वडील काठावरच्या दवाखान्यात कंपाउंडर. औषधांच्या खिडकीमागे त्यांचं डोकं इतकी वर्षं दिसत होतं, की खिडकीबाहेर ते कुणाला ओळखू आले नसते. सगळे त्यांना काका म्हणत. काका बोलायला कमी आणि कामाला वाघ. दवाखान्यात औषधांखेरीज आणखी एक वस्तू त्यांच्या ताब्यात होती: ओपीडीच्या भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ. त्याची चावी त्यांच्या खिशात. आठवड्यातून एकदा स्टुलावर चढून ते चावी द्यायचे, काचेवरून रुमाल फिरवायचे आणि उतरायचे. आणि हे घड्याळ अर्धा तास पुढे होतं.

चुकून नव्हे बरं. निदान गावाची तशी समजूत होती. दवाखान्यातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि सगळे त्याच घड्याळाने चालत. सिस्टर त्यावर ड्यूटी बदलत, डॉक्टरीणबाई त्यावर जेवायला उठत. पेशंटना "चारला या" म्हटलं की ते आपसूक साडेतीनला येत. लाँच तेवढी खऱ्या वेळेने सुटायची. त्यामुळे काठावरच्या दवाखान्यातून घड्याळ बघून निघालेला माणूस धक्क्यावर पोचायचा, तेव्हा लाँचला अजून अर्धा तास असायचा.

हा अर्धा तास म्हणजे मोठी गमतीची गोष्ट होती. कुणाच्याच हिशोबात नसलेला वेळ. ड्यूटी तर संपलेली, घर अजून लांब. धक्क्यावरच्या लाकडी बाकांवर माणसं बसायची, पाण्यावरून धुकं सरकत यायचं, पलीकडची टेकडी दिसायची, पुसली जायची, पुन्हा दिसायची. सिस्टर चपला काढून पाय पोटाशी घेत. एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन जावा इथे एकाच डब्यातलं खात. धक्क्यावर दोन लग्नं जमली होती, आणि जमिनीचा एक वाद कोर्टाची पायरी चढण्याआधीच मिटला होता. पाटीवर लिहायला नको, पण दवाखान्याच्या औषधांइतकाच गुण त्या बाकांनाही होता असं मला वाटतं.

काका रोज संध्याकाळी धक्क्यावर जात. त्यांना कुठे पलीकडे जायचं नसायचं. घर दवाखान्याच्या मागेच. ते शेवटच्या बाकावर बसत, लाँच सुटली की उठत आणि घरी येत. वायरताई लहान होती तेव्हा तीही बरोबर असायची. त्यांच्या घरातलं घड्याळही दवाखान्याशी मिळवलेलं, म्हणजे तेही पुढेच. शाळेत ती नेहमी सगळ्यांच्या आधी पोचायची आणि बंद फाटकापाशी एकटी उभी राहायची. रस्ता रिकामा, झाडं अर्धवट झोपेत. तिला वाटायचं, आपण आणि बाबा उद्यात राहतो आणि बाकीचं जग हळूहळू मागून येतंय. आई कुठे गेली असं कुणी विचारलं, तर ती लहानपणी सांगायची, "आई पुढे गेलीय." लोक डोळे पुसत. तिला मात्र ते अगदी साधं वाटायचं. पुढे म्हणजे फार नव्हे, अर्धा तास.

आईची गोष्ट गावाला पाठ होती. पोटाचं ऑपरेशन करायला तिला टेकडीवर न्यायची होती. नवराबायको निघाले, पण उशीर झाला आणि लाँच चुकली. पुढच्या लाँचने गेले, ऑपरेशन लांबलं, आणि ती परत आलीच नाही. म्हणून कंपाउंडरने घड्याळ पुढे करून ठेवलं, पुन्हा कुणाची लाँच चुकू नये म्हणून. "बैल गेला नि झोपा केला," असं एखादा खवचट म्हणायचा, पण हळू आवाजात. वायरताई तेव्हा आत्याच्या कडेवर होती. तिला आईचा चेहरा फोटोतला माहीत, आवाज कसला तो नाहीच. आणि काकांना विचारायची सोय नव्हती. आईचा विषय निघाला की ते औषधाच्या बाटल्या मोजायला लागायचे.

तर तीन दवाखाने जोडायचे ठरले तेव्हा टेकडीवरच्या डॉक्टरांनी पहिलीच अट घातली: तिन्हीकडे वेळ एक हवी. यात चूक काहीच नव्हती. वायरताईने गिरणीची वेळ लावली, टेकडीची लावली. मग एका सकाळी ती काठावरच्या ओपीडीत स्टूल घेऊन आली. काका घड्याळाखाली उभे होते. हात खिशात, खिशात चावी.

"बाबा, हे मागे घ्यावं लागणार."

काका घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं राहू दे गं."

बस्स, इतकंच. पण या माणसाने जन्मात तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. नवी चप्पल घ्या म्हटलं तरी "हीच बरी आहे" म्हणणारा माणूस.  तिने स्टूल उचलून ठेवून दिलं.

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिने आणखी एक शहाणपणा केला. भिंतीवर एक वेळ आणि स्क्रीनवर दुसरी, मग सिस्टर बिचाऱ्या कुणाचं ऐकणार, असा विचार करून तिने काठावरचा कॉम्प्युटरही भिंतीवरच्या घड्याळाशी मिळवून टाकला. अर्धा तास पुढे. हे चूक आहे हे तिला कळत होतं. नंतर बघू, म्हणाली. माणूस नंतर बघू म्हणतो तेव्हा नंतर ऐकत असतो, पण हे आपल्याला कोण सांगणार!

काही दिवस नुसत्या गमतीच झाल्या. काठावरून रक्ताच्या बाटल्या लाँचने टेकडीवर तपासणीला जायच्या. एक दिवस लॅबवाल्याचा फोन आला, "वायरताई, तुमच्या काठावरचे लोक लई फास्ट. रक्त काढायच्या आधीच रिपोर्ट तयार!" ती हसली. तोही हसला. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला. तिने त्या रात्री ठरवलं की आता बाबांशी बोलायचंच. घरी आली तर बाबा कधी नव्हे ते गुणगुणत भांडी घासत होते. राहिलं.

जोडणी मात्र लोकांच्या अंगवळणी पडली. आधी पेशंट पलीकडे पाठवायचा तर त्याच्या खिशाला चिठ्ठी टाचून पाठवत. काय झालं, काय दिलं. चिठ्ठी कधी भिजायची, कधी वाऱ्यावर उडायची, तर एकदा पेशंटच्या नातवाने तिची होडी करून तळ्यात सोडली होती. वायरताईने त्या चिठ्ठ्या बंद करवल्या. "सगळं स्क्रीनवर आहे," हे वाक्य तिने तिन्ही दवाखान्यांतून असं काही घोटून घेतलं, की काठावरच्या मोठ्या सिस्टर झोपेतसुद्धा तेच म्हणाल्या असत्या.

आणि मग ती दुपार आली.

वायरताई टेकडीवर होती, थंड खोलीत, मशीनच्या मागे गुडघ्यांवर. त्या खोलीत नेहमी एकच घूंऽऽ असा आवाज असायचा आणि इवले इवले दिवे लुकलुकायचे. तिला तिथे बसलं की तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटायचं. वर कुठेतरी लोक आजारी पडतायत, बरे होतायत, आणि इथे त्यांचे नुसते दिवे. दाराशी चष्मेवाल्या सिस्टर आल्या. टेकडीवरच्या सगळ्यांत जुन्या सिस्टर, शिस्तीला करड्या, पण आत्ता त्यांचा आवाज फार मऊ होता.

"वायरताई, बाहेर ये जरा. घाबरू नकोस."

घाबरू नकोस म्हटल्यावर कोण घाबरत नाही?

काका औषधांच्या खिडकीतच कोसळले होते. छातीत कळ. डॉक्टरीणबाई एका अडलेल्या बाळंतपणात होत्या, त्यांनी तिथूनच ओरडून काय द्यायचं ते सांगितलं. मोठ्या सिस्टर एकट्याच. त्यांनी इंजेक्शन दिलं, स्क्रीनवर चढवलं, आणि नशिबाने लाँच धक्क्यालाच होती म्हणून काकांना लाँचवाल्याच्या हवाली केलं. टेकडीवर फोन केला: "कंपाउंडरकाकांना पाठवलंय. सगळं स्क्रीनवर आहे."

वायरताई पोर्चमध्ये धावली तेव्हा गाडीतून स्ट्रेचर उतरवत होते. लाँचवाला उघड्या डोक्याने मागे उभा. त्याने आपली टोपी ऊन लागू नये म्हणून काकांच्या डोळ्यांवर ठेवली होती. आज त्याने तिला पोहण्यावरून काही म्हटलं नाही.

वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. तारा लावल्या, नळी लावली. डॉक्टर आले, तपासून म्हणाले, वेळेवर आले आहेत, आता औषध नीट पोटात आणि रक्तात गेलं की झालं. काकांना गुंगी होती. खिडकीबाहेर तळं पांढरं पडलेलं, काठ दिसत नव्हता. वायरताईने बापाचा हात हातात घेतला. औषधांचा वास त्या हाताला कायमचा चिकटलेला. तिला वाटलं, आपण धक्क्यावरच बसलोय, बाबा शेवटच्या बाकावर डुलकी काढतायत आणि लाँच अजून यायची आहे. तिला तसंच बसून राहायचं होतं. काहीच पुढे सरकायला नको होतं.

चष्मेवाल्या सिस्टर ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये भरलेली सिरिंज.

"हे कसलं?" तिने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"रक्त पातळ करायचं. साडेचारचं आहे, तुमच्या काठावरूनच चढवलंय." त्यांनी मान वळवून स्क्रीन दाखवली. दिलेली औषधं हिरवी दिसत, द्यायची असलेली पिवळी. ही रंगांची युक्ती वायरताईनेच काढलेली. स्क्रीनवर एक ओळ पिवळी होती. साडेचार. सिस्टर वेळेच्या पक्क्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. काटा साडेचारला टेकत होता.

वायरताई त्या पिवळ्या ओळीकडे बघत राहिली. काहीतरी चुकत होतं आणि ते तिला लहानपणापासून माहीत होतं. बंद फाटक. रिकामा रस्ता. सगळ्यांच्या आधी पोचलेली ती.

"थांबा!"

इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. सिस्टरांचा हात तसाच हवेत. वायरताईने फोन उचलून काठावरचा नंबर लावला. मोठ्या सिस्टरांनी उचलला.

"सिस्टर, बाबांना रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलंत का?"

"दिलं की! लगेच दिलं."

"किती वाजता?"

"साडेचारला. स्क्रीनवर आहे ना."

"सिस्टर, साडेचार आत्ता वाजतायत."

 मोठ्या सिस्टर अगदी सहज म्हणाल्या, "तुमच्याकडे वाजत असतील."

चष्मेवाल्या सिस्टरांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, ट्रे टेबलावर ठेवला आणि स्वतः खुर्चीवर बसल्या. त्यांच्या चष्म्यावर वाफ आली होती. "दुसऱ्यांदा दिलं असतं," त्या म्हणाल्या, "तर आतल्या आत रक्त वाहिलं असतं गं. मी दिलं असतं. या हाताने." त्यांचा काय दोष? त्यांनी समोर दिसत होतं तेच वाचलं होतं. मशीनचाही दोष नव्हता. त्याला सांगितलं होतं साडेचार, त्याच्या लेखी साडेचार व्हायचे होते, म्हणून त्याने दिलेलं इंजेक्शन द्यायचं म्हणून दाखवलं. दोष होता एका लेकीच्या मायेचा, आणि तो कुठल्याच रंगात दिसत नव्हता.

वायरताई बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकली आणि हमसून हमसून रडली. मग तोंड धुतलं, थंड खोलीत गेली आणि तिथूनच काठावरच्या कॉम्प्युटरची वेळ खरी केली. एवढंसं काम. बोट उचलायच्या आत झालं. परत येऊन तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं, काही न लपवता. डॉक्टर रागावले, आणि चांगलेच रागावले. त्यांचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "भिंतीवरचं राहिलंय. ते बाबा आले की करते."

"तोवर?"

"तोवर त्यावर फडकं टाकायला सांगते."

काका आठवडाभराने घरी आले. थोडे वाळले होते, पण चालत होते. मधल्या काळात सिस्टरांनी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. दवाखान्यात गोष्ट पोटात ठेवणं कुणाला जमलंय! त्यांनी वायरताईला एका शब्दाने विचारलं नाही. दुपारी ओपीडी रिकामी झाली तशी तेच म्हणाले, "चल. स्टूल आण."

फडकं काढलं. घड्याळ आत टिकटिकतच होतं, पडद्यामागे कुणीतरी आपलं काम करत राहावं तसं. काकांना चढू द्यायला वायरताई तयार नव्हती. ती चढली, काच उघडली आणि मोठ्या काट्याला हात घातला.

"अगं, मागे नको फिरवू!" काका खालून ओरडले. "असल्या घड्याळाचे काटे मागे फिरवत नाहीत. ठोक्यांचं यंत्र मोडतं."

"मग मागे कसं घ्यायचं?"

"बंद करायचं. लंबक धरायचा आणि थांबायचं. खरी वेळ मागून येते, तिला येऊ द्यायचं. ती आली की सोडायचं."

तिने लंबक हळूच धरला. टिकटिक थांबली. इतकी वर्षं कुणी न ऐकलेला तो आवाज थांबल्यावर ओपीडी एकदम मोठी वाटायला लागली. खिडक्यांतून तळ्याचा उजेड आत आला होता आणि छतावर हलत होता. दोघं पेशंटांच्या बाकावर शेजारी बसली. आता अर्धा तास काही करायचं नव्हतं.

वायरताईला वाटत होतं, बाबा रागावतील किंवा रडतील. काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि थांबलेल्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "मी नव्हतं पुढे केलं ते."

"म्हणजे?"

"भिंतीला चुना देत होते आदल्या दिवशी. कुणाचा तरी हात लागून काटा सरकला असणार. मला पत्ता नाही. आम्ही आपले घड्याळ बघून धावतपळत निघालो. तुझ्या आईला धड चालवत नव्हतं, आणि मी मागून चल चल करतोय. धक्क्यावर जाऊन बघतो तर लाँच पलीकडे. मला वाटलं, चुकली. डोक्याला हात लावून बसलो. तर लाँचवाला, आत्ताच्याचा बाप, म्हणतो, अहो अजून अर्धा तास आहे."

"लाँच चुकली नव्हती?"

"छे. वेळेत गेलो. वेळेत ऑपरेशन झालं. जे व्हायचं ते झालं." त्यांनी घसा साफ केला. "लोकांनी आपापलं जुळवून घेतलं. घड्याळ पुढे आहे, म्हणजे लाँच चुकली असणार. मी म्हटलं, म्हणू दे."

 वायरताईला भीती वाटली की आपण बोललो तर ते बाटल्या मोजायला उठतील.

"तू आत्याकडे. डॉक्टर नाही, सिस्टर नाही, घरातलं कुणी नाही. लग्नानंतर आम्ही दोघंच असे बसलो नव्हतो गं कधी. मी दिवसभर दवाखान्यात, घरी माणसं. शेवटच्या बाकावर बसली ती. मला इतकी हसली! म्हणाली, 'अहो, तुमच्या घड्याळाने आज फुकटचा अर्धा तास दिला बघा. जन्मात पहिल्यांदा काहीतरी फुकट आणलंत घरात.' चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले. मी म्हटलं, अगं सर्दी होईल. तर म्हणते, 'होऊ दे. दवाखान्यातच चाललेय.'"

वायरताई हसली, आणि हसतानाच तिच्या लक्षात आलं, की आपण आत्ता आपल्या आईच्या विनोदाला हसलो. आयुष्यात पहिल्यांदा. 

"परत आलो तेव्हा एकटाच आलो. स्टूल घेऊन घड्याळ दुरुस्त करायला चढलो. काच उघडली. आणि हात होईना." काकांनी चावी खिशातून काढून तळहातावर धरली. "पुढे केलं नाही मी. फक्त नीट केलं नाही. इतकीच माझी करामत."

बाहेर धुकं पाण्यावरून वर आलं होतं. खिडकीबाहेरचं झाड दिसेनासं झालं. मोठ्या सिस्टर दारातून डोकावल्या, दोघांना पाहिलं आणि पाय न वाजवता परत गेल्या. काका सांगत होते. आईने घरातलं सगळं कसं नेमून दिलं, कुठला डबा कुठे, लेकीला कानटोपी कुठली, आणि त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण बघून कशी रागावली. सांगता सांगता त्यांचा आवाज बदलला होता, बारीक झाला होता. जणू ते तिच्याच सुरात बोलत होते, आणि वायरताई डोळे मिटून तो सूर ऐकत होती. असाच असेल का? असाच असेल.

"आणि मग लाँच दिसायला लागली लांबून. तेव्हा तिने माझा हात धरला. चारचौघांत कधी धरायची नाही. धरला आणि म्हणाली..."

काका थांबले. त्यांनी लेकीच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. अर्धा तास भरला होता.

तिने मनगट पदराखाली झाकलं. "असू दे बाबा. सांगा. काय म्हणाली आई?"

काकांनी मान हलवली. उठले, तिचा खांदा धरून, सावकाश. "नाही. पेशंट येतील आता. वेळ झाली." ते स्टुलावर चढू लागले तेव्हा तिने त्यांना अडवलं नाही, फक्त कमरेला धरून ठेवलं. त्यांनी बोटाने लंबकाला हलकासा धक्का दिला. टिकटिक सुरू झाली. त्यांनी काच लावली, रुमालाने पुसली, खाली उतरले आणि चावी तिच्या हातावर ठेवली.

"बाबा, आई काय म्हणाली?"

"सांगतो की. उद्या धक्क्यावर सांगतो." ते औषधांच्या खिडकीकडे चालू लागले. तिथे एक म्हातारी येऊन उभी होती. "फक्त जरा लवकर निघू. घड्याळ बरोबर असलं म्हणून काय झालं? माणसाला लवकर निघता येतंच."